जानबाची गुळणी

माझी बायको गेली. जाताना तिने एका माणसाचं नाव घेतलं. ते माझं नव्हतं.

माझी भावजय त्या वेळी उशाशी बसली होती. तिने ते ऐकलं, त्यामुळे तेरवीच्या आत साऱ्या गल्लीला माहीत झालं. तेरवीला जेवायला आलेले लोक माझ्याकडे पाहायचे आणि लगेच आपल्या पानात पाहायचे. एका म्हाताऱ्याला मात्र राहवलं नाही. वरणाची वाटी पुढे करत त्याने विचारलंच, "महादू, हा जानबा कोन रे बा?"

मी म्हटलं, "होता एक. तुमी वरन घ्या."

तेवढ्यावर लोक थांबलेले नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. लहानपणी पंतोजीकडे थोडा बसलो होतो. तेवढ्या अक्षरांत जे मावेल ते मावेल.

जानबा हा कापसावर पाणी मारणारा माणूस होता.

आजच्या पोरांना हे समजायचं नाही. विलायतेच्या गिरण्यांना ज्या मुलखातून कापूस जायचा, त्या अमेरिकेत लढाई लागली आणि साऱ्या जगाला एकदम वऱ्हाड आठवलं. अमरावतीच्या बाजारात इतक्या गाड्या उभ्या राहायच्या की आत गेलेली गाडी वळवायची सोय नव्हती. माझ्या बापाने बैलाच्या शिंगाला कधी तेल लावलं नव्हतं, मी चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैलांना त्याचं काही वाटलं नाही. मी भाड्याची गाडी हाकायचो. अमरावतीला कापूस भरायचा आणि अकोल्याला आगगाडीवर नेऊन उतरवायचा.

कापूस वजनावर विकतात. आणि कापूस पाणी पितो, आणि प्यायला आहे हे लपवतो. माणसाला तेवढं जमत नाही. तेव्हा सगळेच आडते कापसाला पाणी मारायचे. पण बादलीने ओतलं की कापसाचा लगदा होतो, हात लावला की कळतं. जानबा तोंडाने मारायचा. लोटाभर पाणी घ्यायचं, गुळणी भरायची, गाल फुगवायचे आणि ओठ जवळजवळ मिटून फुर्रकन सोडायची. नुसतं धुकं पडायचं. कापसालासुद्धा कळत नसावं. खरेदीचा साहेब गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, बोटं चोळून पाहायचा आणि मान डोलवायचा. आडते जानबाला आळीपाळीने नेत. त्याच्यावरून भांडणं होत.

या कामामुळे त्याच्याशी बोलणं जरा कठीण असे. काही विचारावं तर तोंडात पाणी. आधी गुळणी संपणार, मग उत्तर येणार.

"जानबाभाऊ, जेवले का?"

गाल फुगलेले. फुर्र. "हाव."

पुढेपुढे ती सवयच झाली. तोंड रिकामं असलं तरी तो एक गुळणीभर थांबायचा आणि मगच बोलायचा. एकदा कोणी धावत येऊन म्हणालं, "जानबा, घर पेटलं!" तर तो तेवढाच थांबला आणि म्हणाला, "कोनाचं?" त्याला न ओळखणाऱ्या लोकांना तो फार विचारी माणूस वाटायचा. पंचायतीत त्याला उगाच बोलावत.

मी त्या वेळी पंचविशीच्या आतला, तो चाळिशीकडे आलेला. अंगाने किडकिडीत, गाल मात्र ढिले, दोन रिकाम्या थैल्या लावल्यासारखे. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागे एक मुलगी, गोदी. ती जन्मापासून आंधळी होती. तेव्हा आठेक वर्षांची असेल. जानबा जिथे कामाला जाईल तिथे ती भरलेल्या गाडीवर कापसात बसून राहायची आणि खालून जाणाऱ्या माणसांना प्रश्न विचारायची.

"ओ काका, पांढरं म्हंजे कसं असते?"

काका सांगायचे, दुधासारखं. दुसरा सांगायचा, चुन्यासारखं. तिसरा म्हणायचा, बगळ्यासारखं. मग ती म्हणायची, "सारे खोटं बोलून राह्यले. दूध पातय, चुना पोयते, बगया उडून जाते. एकासारखं एक नाही." तिने बापालाही विचारलं होतं. तो गुळणीभर थांबून म्हणाला, "कापसासारखं."

"कापूस कसा असते?"

"ओला," जानबा म्हणाला.

त्याला मात्र तिने खोटं ठरवलं नाही.

आता मुलगी आंधळी आणि बाप पाणी मारणारा. लोकांना हिशेब सोपा वाटला. बाजारात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर सगळ्यांचं एकच, की बापाचं पाप पोरीच्या डोळ्यात उतरलं. ज्या शेठजीच्या गाडीला जानबा पाणी मारायचा तो शेठजीही तेच म्हणायचा, आणि म्हणता म्हणता लोटा भरून द्यायचा. शेठजीच्या मुलांचे डोळे चांगले होते.

जानबा भांडत नसे. एकदाच माझ्याजवळ बोलला. "महादू, पोट्टी पयले झाली. पानी मी दोन वर्सानं मारायले लागलो. मंग दंड पयलेच कसा वसूल केला?"

मी म्हटलं, "मंग तुमच्या बापाचं असंन."

गुळणीभर थांबून तो म्हणाला, "माया बाप बैलाले हात जोडून उठवे. तो पाप करायले कवा गेला?"

मी त्याच्या बापाला पाहिलं नव्हतं.

माझ्या घरीही तेव्हा असाच एक हिशेब चालू होता. आमची लेकरं जगत नव्हती. एक झालं ते गेलं, दुसरं झालं तेही गेलं. माझी बायको पार्वती, तिला बायका तोंडावर सांगायच्या, "तुयंच काई तरी मागचं असंन बाई." ती ऐकून घ्यायची. रडायची नाही, भांडायची नाही. नुसतं भाकरीचं पीठ मळत राहायची, मळून झालं तरी. मी तिला एकदोनदा म्हटलं, लोकांचं मनावर घेऊ नको. ती म्हणाली, "लोकायचं नाही घेत." मग कोणाचं घेते, ते मी विचारलं नाही.

कार्तिकात आम्ही सगळे कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. माझी गाडी, त्यात पार्वती, जानबा आणि गोदी. तिथे वर्धेच्या काठाला एक बुवा बसायचा, तो पाहून सांगायचा. त्याने गोदीच्या पापणीला अंगठा लावला आणि सांगितलं, "बापाचं मागच्या जल्माचं पाप आहे."

जानबा थांबला. मग म्हणाला, "बुवा, मागच्या जल्मी मी हिचा बाप होतो काय?"

"ते कसं सांगता येईल?"

"मंग नसंन त मायं पाप हिच्या अंगावर काहून आलं? ज्याचा बाप होतो त्याले शोधा ना."

बुवा म्हणाला, "नारळ ठेव."

जानबाने नारळ ठेवला. गुळणीभर थांबला. आणि पुन्हा उचलून घेतला. येताना आम्ही तो फोडून खाल्ला. गोदीला खोबरं आवडायचं. पार्वतीने खाल्लं नाही. ती बुवासमोर आपला प्रश्न घेऊन बसलीच नव्हती, पण उत्तर ऐकून आली होती.

त्यानंतर पेरणीच्या आधी कधी तरी अमरावतीच्या बाजारात तो गोरा पादरी आला. त्याला उभं राहायला उंच जागा पाहिजे होती, तो न विचारता माझ्या गाडीवर चढला. मी चढू दिलं, गोरा होता. पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा, सगळ्यांना "आपण" म्हणायचा, पानवाल्यालाही. त्या दिवशी त्याने जी गोष्ट सांगितली ती अशी. त्यांच्या प्रभूला रस्त्याने जाताना एक जन्माचा आंधळा दिसला. चेल्यांनी विचारलं, गुरुजी, पाप कोणी केलं म्हणून हा आंधळा जन्मला? याने, की याच्या आईबापांनी? तर प्रभूने सांगितलं, याचंही पाप नाही आणि याच्या आईबापांचंही नाही.

जानबा शेजारच्या गाडीला पाणी मारत होता. गाल फुगलेले होते. मी पाहत होतो. गाल हळूहळू खाली बसले आणि गळ्याची घाटी वरखाली झाली. त्याने गुळणी गिळली. कामाचं पाणी गिळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "ते पुन्हा सांगा."

पादऱ्याने पुन्हा सांगितलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगताना पादऱ्याला वाटलं हा थट्टा करतो आहे. पण त्याने सांगितलं, हे त्याच्या बाजूने बोललं पाहिजे.

"मंग त्या आंधयाचं काय झालं?"

"प्रभूने त्यास दृष्टी दिली," पादरी म्हणाला.

जानबाने लोटा गाडीवर ठेवला आणि गोदीला खाली उतरवून घेतलं.

तिथून त्याचं अकोल्याला जाणं सुरू झालं. पादऱ्याचं प्रार्थनेचं घर अकोल्याला होतं. मोर्णा नदीच्या बाजूला, कौलारू, आधी तो धान्याचा कोठा होता आणि पाऊस पडला की अजून ज्वारीचा वास यायचा. मी कापूस घेऊन निघालो की जानबा आणि गोदी गाडीत येऊन बसायचे. कधी पार्वतीही यायची. ती आत जात नसे, ओसरीवर दाराशी बसायची. ती म्हणायची, पोरीसोबत बाई माणूस पाहिजे म्हणून येते. मीही तसंच धरून चाललो.

जानबाने पाणी मारणं बंद केलं. शेठजी म्हणाला, "काय रे, तोंड आलं काय?" जानबा नुसता थांबला. शेठजीने दुसरा माणूस लावला, त्याने बादली लावली, आणि साहेबाने गाडी परत पाठवली. शेठजी गावभर सांगत सुटला की पादऱ्याने माझा माणूस बिघडवला. जानबा रेच्यावर बसू लागला. रेचा म्हणजे सरकी काढायचं हाताचं यंत्र. दिवसभर दांडा फिरवायचा. त्यात कमाई निम्मीही नव्हती.

प्रार्थनेत तो काय करायचा ते मी दारातून पाहिलं आहे. सगळे डोळे मिटून असत, हा उघडे ठेवून मुलीकडे पाहत बसे. प्रार्थना संपली की वाकायचा आणि तिच्या डोळ्यांपुढे हळूच हात हलवायचा.

"काय करून राह्यले बाबा?"

"काई नाही. माशी होती."

मग तो तिचा हात धरून बाहेर यायचा. पुढच्या खेपेला पुन्हा माशी असायची.

पार्वतीने हे पाहिलं आणि गाडीत माझ्या कानाशी म्हणाली, "ह्या मानसाले कोनी सांगत काहून नाही?" काय सांगायचं ते मात्र ती बोलली नाही.

मग तो रविवार आला. पादऱ्याचा मदतनीस एक मास्तर होता, चष्मा लावणारा, घसा साफ केल्याशिवाय न बोलणारा. त्याने त्या दिवशी देवाच्या दहा आज्ञा म्हणवून घेतल्या. तो एक एक ओळ म्हणे, मागून लोक म्हणत. त्यात ते आलं, की देव बापांच्या पापाचं शासन मुलांना करतो, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीपर्यंत. लोकांनी मागून म्हटलं. गोदीने नाही म्हटलं. ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, आपली कितवी?"

कोणी तरी हसलं. मास्तरने घसा साफ केला. जानबा उभा राहिला.

तो इतका वेळ थांबला की मास्तरला वाटलं हा बसणार. मग म्हणाला, "साहेब, बजारात तुमी सांगतलं का मायबापाचं पाप नाही. इथं मास्तर सांगते का चवथ्या पिढीवरी. आता दोघायपैकी एक खरं सांगा. मी थांबतो."

मास्तर म्हणाला, प्रार्थनेत असं उभं राहून विचारत नसतात. पादऱ्याने त्याला हाताने थांबवलं. तो उंच चौरंगावरून खाली आला आणि जानबासमोरच्या बाकावर बसला. मी दारात होतो, पार्वती माझ्या पुढे. तिने चौकट धरली होती.

पादरी म्हणाला, "बाप मद्यपी असेल तर घरात मूल उपाशी राहते. ते मूल निर्दोष असते, तरी उपाशी राहते. बापाच्या पापाची झळ अशी पिढ्यानुपिढ्या लागते, हे आपण पाहतोच. आज्ञेत ते सांगितले आहे. परंतु तारणाची, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराची, गोष्ट निराळी. देवासमोर प्रत्येक जीव आपापला उभा राहतो. बापाच्या पापामुळे तेथे मुलास कोणी अडवणार नाही."

"म्हंजे गोदीले अडवनार नाही."

"नाही."

"आन तिचे डोये माया पापानं गेले नाही."

"नाहीत."

मला वाटलं आता हा माणूस पाया पडेल. लोकांनाही तसंच वाटलं असावं, कारण सगळे सरसावून बसले. जानबा गुळणीभर थांबला आणि म्हणाला,

"मंग मी पानी मारनं सोडलं, त्यानं ते उघडनारही नाही."

पादऱ्याच्या हे ध्यानात नव्हतं. तो जानबाकडे पाहत राहिला, मग गोदीकडे. त्या वेळी तो थोडासा माणसासारखा दिसला.

"नाही," तो म्हणाला. "त्याने नाही."

जानबाने टोपी उचलली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. आत लोक गाणं म्हणत होते. तो हाताची बोटं पाहत होता. गोदी चाचपत आली आणि त्याच्याजवळ बसली. त्या दिवशी माशी नव्हती.

आम्ही अमरावतीला परत निघालो. बडनेऱ्याच्या अलीकडे गोदी म्हणाली, "बाबा, तुमी मायासाठी सोडलं होतं?"

थांबून, "हाव."

"मंग आता मारा ना. मले काईच होत नाही, साहेबानं सांगतलं."

मुलीचं म्हणणं मला पटलं. आठवड्यात शेठजीचा माणूस बोलवायला आला, जास्त देतो म्हणाला, आणि जानबा गेला. मी तिथे गाडी भरत होतो. त्याने लोटा घेतला. गुळणी भरली. गाल फुगले. कापसासमोर उभा राहिला, उभाच राहिला. शेठजी म्हणाला, "अरे मार ना, का आता तोंडात मासोया पायतं?" जानबा वळला, गुळणी नालीत टाकली, लोटा धुऊन पालथा घातला आणि रेच्यावर निघून गेला.

मी मागून जाऊन विचारलं, "आता काहून नाही मारलं भाऊ? आता त पोरीचा काई संबंध नाही."

"म्हनूनच त," तो म्हणाला. "पयले वाटे, तिच्यात वाटून जाते. अर्धं तिच्यावर, अर्धं मायावर. आता समजलं का सारं मायंच आहे. एकट्याले लय होते बा."

तरी जानबाने अकोल्याला जाणं सोडलं नाही, आणि शेवटी त्याने पादऱ्याचा धर्म घ्यायचं ठरवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी आणखी गोंधळ झाला. जानबाचं झालं, त्याला याकोब नाव दिलं. आम्ही शेवटपर्यंत जानबाच म्हणालो, आणि पादरी सोडला तर सगळेच. मग गोदीची पाळी. मास्तरने घसा साफ करून सांगितलं, मुलगी लहान आहे, तिच्या वतीने बाप "हो" म्हणेल.

जानबा म्हणाला, "मी नाही म्हननार."

"का?"

"मायं पाप तिच्यावर जात नाही म्हनता. मंग मायं हाव तिच्यावर कसं जाईन?"

मास्तरने पादऱ्याकडे पाहिलं. पादरी जमिनीकडे पाहत होता. मला वाटतं तो हसू दाबत होता, पण गोऱ्या माणसाचं नक्की सांगता येत नाही. शेवटी तो गोदीपुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने तिलाच विचारलं.

गोदी म्हणाली, "पयले मले एक सांगा. माही माय मले जनमताना मेली. तिनं तुमच्या देवाचं नावही आयकलं नोतं. आता माय कुठं हाये?"

पादरी तसाच गुडघ्यावर होता.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "देव न्यायी आहे, इतके ठाऊक आहे. त्यापुढे ठाऊक नाही."

गोदीने मान हलवली. "मंग हाव," ती म्हणाली. "काई बी बनवून सांगतलं असतं त मी नसती म्हनली."

दाराशी पार्वती इतकी पुढे झुकली होती की तिचा पदर उंबऱ्याच्या आत पडला होता. मी तो उचलून बाहेर घेतला.

यानंतर अमरावतीत जानबाच्या हातचं पाणी कोणी घेईना. त्याच्या तोंडचं पाणी इतकी वर्षं कापसातून सातासमुद्रापार गेलं, साहेबांच्या सदऱ्यांत विणलं गेलं, त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. पण विहिरीवर त्याची घागर वेगळी ठेवायला सांगितलं. तो थांबला, आणि घागर वेगळी ठेवली. थोड्या दिवसांत तो गोदीला घेऊन अकोल्यालाच राहायला गेला. तिथे कापसाच्या गाठी दाबायच्या कारखान्यात काम धरलं.

मग अमेरिकेची लढाई संपली आणि जग वऱ्हाडाला विसरलं. भाव पडले. मी शेंब्या काढून विकल्या. बैलांना त्याचंही काही वाटलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी मी जानबाला शेवटचं पाहिलं. आमचं शेवटचं लेकरू, मुलगा, रांगायला लागला होता, तो तापाने गेला. पार्वती बोलेनाशी झाली. खात नव्हती, चूल पेटवून तिच्यासमोर बसून राहायची. मला अकोल्याला कापूस पोचवायचा होता. घरी एकटी ठेवायची भीती वाटली, म्हणून तिला गाडीत घातलं.

स्टेशनाच्या मालधक्क्यावर गाठींची रास होती. मी गाडी उतरवत होतो तेव्हा पलीकडून दोघं येताना दिसली. एक उंच मुलगी पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे जानबा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडला होता. गोदी त्याला गाठींमधून वाट काढून आणत होती, ती वाट तिला पाठ होती.

मी हाक मारली. गोदीने माझा आवाज ओळखला आणि बापाला सांगितलं. मी म्हटलं, "भाऊ, हे काय झालं डोयाले?"

गोदीच म्हणाली, "लोक म्हनते, पोरीच्या पापानं झालं." आणि हसली. जानबा थांबून म्हणाला, "म्हातारपनाच्या पापानं. त्याचं बी काई असंन ना."

मला मालाचा कारकून बोलवत होता. मी गेलो. तिथून मागे वळून पाहिलं तेव्हा पार्वती गाडीतून उतरली होती आणि जानबासमोर उभी होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि काही तरी विचारलं. मध्ये गाठी, माणसं, इंजिनाचा आवाज. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की जानबाने मान खाली घातली, ओठ मिटले आणि तो थांबला. मग एक शब्द बोलला. पार्वती तशीच उभी राहिली, मग वळून गाडीत येऊन बसली.

मी परत आलो तर ती म्हणाली, "बैलायले पानी पाजलं का?" किती दिवसांनी बोलली होती. रस्त्यात तिने भाकर मागितली. मी काय झालं ते विचारलं नाही. विचारलं तर भाकर खाली ठेवेल असं वाटलं.

तिने ते सांगितलं आता, जायच्या आदल्या दिवशी. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. म्हणाली, "मी जानबाभाऊले विचारलं होतं, माये लेकरं माया पापानं गेले का. आन जिथं गेले तिथं मायापायी त्यायले कोनी अडवलं असंन का."

"मंग?"

"म्हने, नाही बाई." ती जरा पडून राहिली. मग म्हणाली, "लगेच नाही म्हनला तो. इचार करून म्हनला. म्हनून मी धरलं."

आता जानबा कसा थांबायचा ते मला माहीत होतं. जेवला का विचारलं तरी थांबायचा, घर पेटलं म्हटलं तरी थांबायचा. ते माझ्या तोंडावर आलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "हाव. इचार करूनच म्हनला. मी पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी ती त्याचं नाव घेऊन गेली. लोकांनी काय समजायचं ते समजावं.

मी मात्र तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणून पाहतो आहे. मालधक्का. गाठींची रास. बापाचा हात खांद्यावर घेऊन उभी असलेली गोदी. समोर पार्वती, पदर नीट करून. जानबाने मान खाली घातली आहे आणि तो थांबला आहे. कारकून माझ्यावर ओरडतो आहे, मी वजन सांगतो, तो लिहून घेतो, मी पुन्हा वळून पाहतो, तरी तो थांबलेलाच आहे. एवढ्या वेळात एक गुळणी केव्हाच संपली असती.

मी तिला सांगितलं ते खरंच होतं.